आईवडिलांची चाल मंदावतेय का? घरच्या घरी कसे ओळखावे

"पाय कसे आहेत?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "वय झालं, चालायचंच." म्हणून विचारत बसू नका, बघा. त्यातही त्यांना काय जमत नाही यापेक्षा त्यांनी काय करणं सोडून दिलंय, ते आधी बघा. वरच्या फळीवरचे डबे खाली आलेत. वरच्या मजल्यावर जायचं "कामच पडत नाही". लेसचे बूट कोपऱ्यात पडलेत. रोजचा फेरफटका आज उन्हामुळे, उद्या कंटाळ्यामुळे चुकतो. यातलं एकेक कारण पटण्यासारखं असतं, पण अशी तीन-चार साठली की पुढच्या गोष्टी तपासा.

१. उठबस. खुर्चीतून उठताना हातांनी रेटा द्यावा लागतो का? एकदा झोका घेऊन, पुन्हा टेकून, मग उठतात का? पायातली ताकद कमी झाल्याचं बहुतेकदा इथेच पहिल्यांदा दिसतं. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हातांची घडी छातीशी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा, जवळ उभे राहून. ७० ते ७४ वयात पुरुषांना १२ आणि स्त्रियांना १० वेळाही जमलं नाही, तर ते सरासरीपेक्षा कमी.

२. चाल. मागून चालत बघा. कानही द्या, कारण पाय घासल्याचा आवाज डोळ्यांआधी कानाला कळतो. वळताना चार-पाच छोटी पावलं टाकावी लागतात का? भिंत, टेबल, खुर्चीची पाठ असा हात फिरवत जातात का? बोलायला लागलं की चालणं थांबतं का? हे शेवटचं लक्षण गप्पांच्या ओघात सहज निसटतं. चालताना एकच हात हलत नसेल आणि पावलं बारीक पडत असतील, तर ते नुसतं वय म्हणून सोडू नका. पार्किन्सनची सुरुवातही अशी असू शकते.

३. तीन मीटरची चाचणी. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या वेगाने ३ मीटर जायचं, वळून यायचं आणि बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात.

४. उभं राहिल्यावरची चक्कर. पाच मिनिटं आडवं पडल्यावर रक्तदाब मोजा. उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा. कारण कधीकधी गोळ्यांमध्ये असतं, म्हणून झोपेच्या गोळीसकट सगळी औषधं सोबत न्या.

५. पडण्याबद्दल विचारणं. "पडलात का?" याला "नाही" हेच उत्तर येणार. त्याऐवजी "मध्ये कुठे तोल गेला होता का?" असं विचारा. पडण्याच्या भीतीने माणूस हिंडणं कमी करतो, त्यामुळे पाय आणखी कमजोर होतात. म्हणून नुसती भीतीही डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट आहे.

हे सगळं हळूहळू होणाऱ्या बदलांचं झालं. एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोबडी वळली, तर कसलीही चाचणी न करता तडक रुग्णालय गाठा.

आणि काठी घाईने आणू नका. आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी. शेजाऱ्यांकडून मागून आणलेली काठी तशी सहसा नसते.