शेजारची दोन उपनगरं, घर एकच: तुलना करताना या चुका टाळा

घर घ्यायचं नक्की झालं, बजेट ठरलं आणि निवड शेवटी दोन-तीन शेजारच्या उपनगरांवर येऊन थांबली, की बहुतेकांना वाटतं आता अवघड भाग संपला. मला उलट वाटतं. लांबच्या दोन ठिकाणांतला फरक लगेच डोळ्यांत भरतो. शेजारच्या दोन ठिकाणांतला फरक गल्लीगणिक बदलतो, आणि उपनगराच्या नावावरून त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून नावांची तुलना करण्यापेक्षा आपल्या घरातल्या माणसांचा आठवडा दोन्हीकडे कसा जाईल, याची तुलना करावी. खालच्या बहुतेक चुका हे न केल्यामुळेच होतात.

सरासरी भावावर विसंबणं

"त्या बाजूला घरं महाग आहेत" हे वाक्य बहुधा एखाद्या सरासरी आकड्यावर उभं असतं. समजा एका उपनगरात दहा घरं विकली गेली, त्यातली नऊ पन्नास एककांना आणि एक बंगला अडीचशेला. सरासरी निघते सत्तर. त्या किमतीला तिथे एकही घर विकलं गेलेलं नाही. किमती चढत्या क्रमाने लावून मधली पाहिली तर ती पन्नासच येते, आणि घर शोधणाऱ्याच्या कामाची तीच.

दुसरा घोळ विक्रीच्या मिश्रणाचा. गेल्या वर्षी लहान फ्लॅट जास्त विकले गेले आणि यंदा मोठ्या घरांचा नवा प्रकल्प आला, तर एकाही जुन्या घराची किंमत वाढलेली नसताना सरासरी वर जाते. मग "इथे भाव चढतायत" अशी हवा होते. तुलना करायची तर साधारण एकाच वयाच्या इमारती, सारखंच प्रत्यक्ष वापरता येणारं क्षेत्रफळ आणि अलीकडे खरोखर झालेले व्यवहार एकासमोर एक ठेवा. जाहिरातीतली किंमत म्हणजे मालकाची इच्छा. ती व्यवहारात किती उतरली, हे वेगळं पाहावं लागतं. देखभाल खर्च, मालमत्ता कर आणि पुढच्या काही वर्षांत येऊ घातलेली मोठी दुरुस्ती यांचाही हिशेब मासिक हप्त्याच्या शेजारी मांडा. स्वस्त वाटलेलं घर इथे अनेकदा महाग पडतं.

अंतर किलोमीटरमध्ये मोजणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. कारण घराची किंमत एकदा ठरते, पण प्रवास रोज करावा लागतो.

आधी साधा हिशेब. एका उपनगरातून कामावर जायला दुसऱ्यापेक्षा वीस मिनिटं जास्त लागतात. जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. वर्षाला कामाचे 240 दिवस धरले तर 160 तास होतात, म्हणजे आठ तासांचे पूर्ण वीस दिवस. घरातून दोघं कामाला जात असतील तर दुप्पट. "वीस मिनिटांनी काय होतंय?" असं म्हणण्याआधी हा आकडा कागदावर लिहून पाहा.

लांबच्या प्रवासाची भरपाई मोठ्या किंवा स्वस्त घराने होते, असं आपण धरून चालतो. आलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून हेच तपासलं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात लांब प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी आढळले. भरपाई पुरी होत असती, तर हा फरक दिसायला नको होता. घर निवडताना वाढीव खोली डोळ्यांसमोर असते, रोजचा प्रवास नसतो. म्हणून खोलीचं पारडं जड होतं.

आता मोजायचं कसं? दुपारी गाडीने फेरी मारून आलात तर ते मोजमाप निरुपयोगी आहे. ज्या वेळी तुम्हाला घरातून निघावं लागेल त्याच वेळी, ज्या साधनाने जाणार त्याच साधनाने, दारापासून दारापर्यंत जा. परतीचा प्रवास वेगळा मोजा, कारण सकाळची मोकळी बाजू संध्याकाळी तुंबलेली असू शकते.

बस किंवा लोकलवर अवलंबून असाल तर स्टेशन किती जवळ आहे याच्याइतकंच गाडी किती वेळाने येते हे पाहा. दर दहा मिनिटांनी गाडी असेल तर वेळापत्रक न बघता गेलात तरी सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. अर्ध्या तासाने असेल तर पंधरा, आणि समोरून सुटली तर पुढचा अर्धा तास गेला. स्टेशनपासून थोडं लांब, पण गाड्या भरपूर असलेलं उपनगर अनेकदा बाजी मारतं. शेवटची गाडी कितीला आहे, हेही विचारून ठेवा. उशिरा सुटणाऱ्या माणसाला घर कुठे घ्यायचं, हे कधीकधी तेवढ्यावरच ठरतं.

प्रवास फक्त कमावत्या माणसाचा मोजायचा, ही याच चुकीची दुसरी बाजू. शाळेत जाणारं मूल, दवाखान्यात जाणारी आजी, क्लासहून अंधार पडल्यावर परतणारी मुलगी, या सगळ्यांचे रस्ते मोजा. एक दिवस सकाळी शाळा भरण्याच्या वेळी त्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहा. फुटपाथ कुठे संपतो, मुलं कुठे रस्त्यावर उतरतात, वळणावर गाड्यांचा वेग कमी होतो का, पालक मुलाचा हात कुठे सोडतात, हे नीट पाहा. दहा वर्षांचं मूल एकटं शाळेत जाऊ शकेल की पुढची कित्येक वर्षं कोणाला तरी सोडायला-आणायला जावं लागेल, याचा अंदाज तिथे येतो. घरातल्या एखाद्याच्या नोकरीचं गणित त्यावर अवलंबून असतं.

नकाशावर वर्तुळ काढून खूश होणं

"बाजार एक किलोमीटरच्या आत" हे नकाशावर खरं असतं. पण मध्ये रेल्वेचे रूळ, नाला किंवा महामार्ग असेल आणि ओलांडायची जागा लांब असेल, तर तो एक किलोमीटर पायी सहज तीन होतो. शेजारच्या उपनगरांच्या सीमा बरेचदा अशाच अडथळ्यांवर असतात, त्यामुळे हा प्रश्न दोन उपनगरांच्या तुलनेत हटकून येतो.

सीमेबद्दलही डोकं साफ ठेवा. काही गोष्टी सीमेने ठरतात: कर कोण घेतं, पाणीपुरवठा कोणाचा, आणि जिथे शाळेचा प्रवेश पत्त्यावर अवलंबून असतो तिथे शाळा कोणती मिळते. बाग, बाजार, हवा, आवाज यांना सीमा ठाऊक नसते. नामांकित उपनगराला लागून असलेल्या रस्त्यावर बागेचा आणि बाजाराचा लाभ तसाच मिळतो, फक्त पत्त्यात ते नाव नसतं. अशा काठावरच्या गल्ल्या आवर्जून पाहा. मात्र शाळेसाठीच ते नाव हवं असेल, तर अधिकृत हद्द घर क्रमांकापर्यंत तपासा. एजंटच्या "इथे सगळ्यांना मिळतो प्रवेश" या आश्वासनावर व्यवहार करू नका.

ठळक फरकाला भुलणं

दोन ठिकाणं शेजारी ठेवली की मन फरकांवर जाऊन बसतं आणि सारखेपणा विसरतं. 1998 मध्ये डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानमन यांनी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना आयुष्याबद्दल विचारलं. दोन्हीकडे समाधान सारखंच निघालं. पण "तुमच्यासारखा माणूस दुसरीकडे किती समाधानी असेल?" असं विचारल्यावर दोन्ही गटांनी कॅलिफोर्नियावाले जास्त सुखी असतील असं सांगितलं, आणि त्यात तिथल्या हवामानाचा मोठा वाटा होता. तुलना करताना हवामान डोळ्यांसमोर येतं. रोज जगताना अभ्यास, मित्र आणि पैसा यांचंच वजन जास्त असतं.

आपल्याकडून हेच तलावाकाठच्या जॉगिंग ट्रॅकबाबत किंवा चकचकीत मॉलबाबत होतं. फरक दिसला, की तो आठवड्यातून कितीदा आपल्या वाट्याला येईल ते विचारा. महिन्यातून एकदा जायच्या जागेसाठी रोजचा पाण्याचा दाब सोडून देऊ नये.

सुट्टीच्या दिवशी पाहून शांत म्हणणं

कामाच्या दिवशी सकाळी, संध्याकाळी आणि रात्री उशिरा जा. खिडक्या उघडून पाच मिनिटं गप्प उभे राहा. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीच्या आवाजासाठी दिवस-रात्र मिळून सरासरी 53 डेसिबलच्या आणि रात्री 45 डेसिबलच्या खाली राहण्याची शिफारस केली आहे. मोबाइलवरचं ॲप अचूक नसतं, पण एकच मोबाइल दोन्हीकडे सारख्या वेळी वापरला तर फरक समजतो. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. तीन डेसिबल वाढणं म्हणजे आवाजाची ऊर्जा जवळपास दुप्पट होणं, म्हणजे साधारण दुप्पट वाहतूक. 60 आणि 63 मधला फरक किरकोळ समजून सोडू नका.

पाणी कुठे साचतं ते न विचारणं

एकाच पावसात एक उपनगर कोरडं राहतं आणि शेजारचं गुडघाभर पाण्यात असतं. दोन-तीन मीटरच्या उंचीचा फरक त्याला पुरतो. "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" याचा अर्थ आता शंभर वर्षं निश्चिंती, असा नाही. दरवर्षी त्याची शक्यता एक टक्का, आणि तीस वर्षांच्या कर्जाच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के. जवळपास चारात एक.

कागदपत्रांआधी रस्ता वाचा. जुन्या कुंपणाच्या भिंतींवर एकाच उंचीवर गेलेली मळकट रेघ, नव्या घरांचे जुन्यांपेक्षा बरेच उंच जोते, दुकानांच्या दारात बांधलेला उंबऱ्याएवढा बांध, विजेचे मीटर मुद्दाम वर बसवलेले. हे दिसलं की समोरच्या दुकानदाराला थेट विचारा, "शेवटचं पाणी कधी आलं होतं?" "येतं का?" असं विचारलंत तर "नाही" ऐकायला मिळेल.

गुन्ह्यांच्या आकड्यांचा उलटा अर्थ लावणं

ज्या उपनगरात मोठं स्टेशन किंवा बाजारपेठ आहे, तिथे दिवसभर बाहेरची माणसं येतात. पाकीटमारी तिथे नोंदली जाते, आणि भागाकार मात्र राहणाऱ्या लोकसंख्येने होतो. त्यामुळे ते उपनगर कागदावर धोकादायक दिसतं. गुन्हा कोणता, कुठे आणि कधी, हे पाहा. घरफोड्या वेगळ्या मोजा.

येणाऱ्या मेट्रोच्या किमतीत घर घेणं

प्रस्तावित मार्ग नकाशावर ठिपक्यांनी दाखवलेला असतो आणि घराच्या किमतीत तो आधीच धावत असतो. बेंट फ्लिव्हबियर्ग आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 258 वाहतूक प्रकल्प तपासले, तेव्हा दर दहांपैकी नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा जास्त निघाला. खर्च वाढला की काम रेंगाळण्याची भीती असतेच. माझा नियम साधा आहे: जे आज चालू आहे त्यावर हो म्हणता येत असेल तरच घर घ्या. मार्ग वेळेवर आला तर आनंदच आहे. काम रखडलं तर तितकी वर्षं खोदलेल्या रस्त्यातून जायची तयारी आहे का, हेही आधीच घरात बोलून घ्या.

इतकं करूनही गाडी अडली तर

*गुणांचा तक्ता केला, पण निकाल पटत नाही.* बेरजेत एक खोट असते: बागेचे गुण प्रवासाचे तोटे झाकून टाकतात. आधी प्रत्येकाने आपल्याला अजिबात चालणार नाहीत अशा दोन गोष्टी लिहाव्यात आणि त्यावर जे घर बाद होतं ते बाद करावं. गुण उरलेल्यांना द्यावेत.

*एजंटने तिसरं घर दाखवलं आणि अचानक दुसरं फार आवडायला लागलं.* थांबा. एखाद्या पर्यायासारखाच पण त्याहून उणा पर्याय शेजारी ठेवला की मूळ पर्याय उजळ दिसतो, हे ग्राहकांवरच्या प्रयोगांतून 1982 पासून माहीत आहे. तिसरं घर बाजूला काढून पहिल्या दोघांकडे पुन्हा पाहा.

*घरात एकमत होत नाही.* बहुतेक वेळा दोघं वेगवेगळ्या आठवड्यांबद्दल बोलत असतात. एकाला शनिवारची संध्याकाळ दिसते, दुसऱ्याला मंगळवारची सकाळ. दोघांनी मंगळवार कागदावर मांडा, उठल्यापासून झोपेपर्यंत, दोन्ही उपनगरांसाठी. कोणाच्या वाट्याला किती धावपळ येते ते दिसतं, आणि पुढचं बोलणं त्यावर होतं.

*दोन्ही खरोखर सारखीच वाटतात.* मग उपनगर हा प्रश्न मिटला. जिथे घर जास्त चांगलं, उजेड आणि वारा जास्त, इमारतीची कागदपत्रं स्वच्छ, तिथे घ्या. तरीही मन धजत नसेल आणि मुलांची शाळा आड येत नसेल, तर ज्या उपनगराबद्दल शंका जास्त आहे तिथे काही महिने भाड्याने राहा, शक्यतो पावसाळा त्यात येईल असं बघून. चुकीचं घर विकून दुसरं घ्यायला दलाली, कर आणि नोंदणीचा खर्च दोनदा बसतो. त्यापुढे सामान हलवण्याचा आणि काही महिन्यांच्या भाड्याचा खर्च बहुतेक ठिकाणी कमीच भरतो.