गो चं वेंट कसं झालं? क्रियापदाचं मूळ असं शोधा

शाळेत गो-वेंट-गॉन घोकलं सगळ्यांनी, पण गो मधून वेंट आलं कुठून हे कोणी सांगितलं नाही. खरं म्हणजे ते गो मधून आलेलंच नाही.

असा विचित्र भूतकाळ दिसला की आधी त्याची भावंडं शोधायची. सेंड-सेंट, बेंड-बेंट, लेंड-लेंट, स्पेंड-स्पेंट. मग वेंट चं काय असेल? वेंड! डिक्शनरीत बघा, हे क्रियापद खरंच आहे, वळत वळत वाट काढत जाणं या अर्थाने अजूनही कधीमधी वापरतात. जुन्या इंग्रजीत ते वेंडन होतं आणि मूळ अर्थ होता वळणे, वळवणे. वळणे वरून एखाद्या दिशेला वळणे, मग तिकडे निघणे आणि शेवटी नुसतं जाणे, असा तो अर्थ सरकत गेला.

आता मूळ बघायला डिक्शनरीत अर्थ वाचून लगेच बंद करू नका, खाली ओरिजिन किंवा एटिमॉलॉजी लिहिलेलं असतं ते वाचा, तिथे एखाद्या शब्दाआधी चांदणी (*) दिसली तर तो शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, अभ्यासकांनी तुलना करून अंदाजाने बांधलाय एवढंच समजायचं. गो चा स्वतःचा जुना भूतकाळ होता एओदे, पुढे त्याचं येड झालं (हसू नका, खरंच), आणि साधारण १५०० पर्यंत वेंट ने त्याची जागा घेतली. स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेत मात्र गे चं (म्हणजे त्यांच्या गो चं) सरळ गेड होतं, लहान मुलं चुकून गोएड म्हणतात ना, तसंच जवळपास.

आणि इंग्रजीला नावं ठेवण्याआधी आपलं बघा. जातो पण गेला, जाला नाही! जातो आलं संस्कृत याति वरून, गेला आलं गत वरून, म्हणजे आपणही दोन धातू जोडून एकच क्रियापद चालवतोय आणि कधी लक्षातही येत नाही.

फक्त नुसता उच्चार जुळला म्हणून नातं लावत बसू नका, फॉरवर्ड मेसेजमधली निम्मी व्युत्पत्ती अशीच असते. जुनी रूपं आणि अर्थ दोन्ही जुळले तरच खरं.

जमलं की पुढे इंग्रजीतलं बी (be, असणे) घ्या, त्यात तर तीन धातू आहेत: ऍम चं नातं संस्कृत अस्मि शी, बी चं भू शी, आणि वॉज चं वसति शी, म्हणजे आपलं वसणे, वस्ती वगैरे.