पोकळ मेणबत्ती बनवताना या चुका टाळा

पोकळ मेणबत्ती म्हणजे मेणाचे नुसते कवच. आत ठेवलेल्या लहान दिव्याने ते उजळते, स्वतः जळत नाही. पाण्याने भरलेला फुगा वितळलेल्या मेणात वारंवार बुडवून असे कवच घरी तयार करता येते. मात्र ते तडकले, त्याचे थर सुटले किंवा काठ खचला, तर दोष सजावटीत न शोधता आधी तापमानाकडे पाहावे.

मेणाचे भांडे थेट शेगडीवर ठेवणे ही सर्वांत घातक चूक होय. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ते भांडे ठेवूनच मेण वितळवावे. मेणाने कधी पेट घेतलाच, तर गॅस बंद करून वर झाकण घालावे, पाणी मुळीच ओतू नये. बरणीत ओतण्याचे मऊ मेण येथे उपयोगाचे नाही. सुमारे ६० अंश सेल्सिअसला वितळणारे कठीण पॅराफिन मेण घ्यावे आणि त्यात दहा टक्क्यांच्या आसपास स्टिअरिक अॅसिड (मेणाला कठीणपणा देणारा मेणासारखाच पांढरा पदार्थ) मिसळावे.

बुडवताना मेण साधारण ७० ते ७५ अंशांवर असावे. त्याहून फार तापले तर आधीचा थर विरघळून खाली घसरतो आणि निवत गेले तर पृष्ठभागावर गाठी येतात. फुग्यातले पाणी कोमट हवे. कोल्हापुरात थंडीच्या दिवसांत सकाळी टाकीचे पाणी चांगलेच गार असते. ते तसेच भरल्यास पहिला थर एकदम आकसून तडकतो. पावसाळ्यात गार पाण्याच्या फुग्यावर बाहेरून दव धरते आणि त्या ओलाव्यावर मेण चिकटत नाही. म्हणून फुगा कोरड्या फडक्याने पुसून, गाठीकडे धरून, पाऊण उंचीपर्यंत सरळ खाली सोडावा, सावकाश वर घ्यावा, शेवटचा थेंब निथळू द्यावा आणि थराची चमक गेल्यावरच पुन्हा बुडवावा. कवच पाच-सहा मिलिमीटर जाड होईपर्यंत हा क्रम घाई न करता चालू ठेवावा, आणि तळ मऊ असतानाच तो स्टीलच्या ताटलीवर हलकेच दाबून सपाट करावा.

मेण पूर्ण निवण्यापूर्वी फुगा फोडू नये. फोडतानाही तो मेणाच्या भांड्यापासून दूर, मोरीत धरून गाठीजवळ टोचावा, कारण गरम मेणात पाणी पडले की मेण अंगावर उडू शकते. वेडावाकडा काठ किंचित गरम तव्यावर क्षणभर टेकवला की सारखा होतो.

सजावटीसाठी पूर्ण वाळलेली फुले-पानेच घ्यावीत. ओल्या पाकळ्या काळवंडतात. रांगोळीचे आणि खाण्याचे रंग मेणात विरघळत नाहीत, तळाशी बसतात. मेणासाठीचेच रंग वापरावेत.

ज्योत आणि भिंत यांत सर्व बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर अंतर हवे. लहान कवचात एलईडी दिवाच ठेवावा. टी-लाइटची, म्हणजे वाटीतल्या बुटक्या मेणबत्तीची, धातूची वाटी तापून तळ मऊ करते, त्यामुळे ती कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीत मिळणाऱ्या मातीच्या पणतीत बसवून मगच आत ठेवावी, आणि पेटती मेणबत्ती नजरेआड करू नये.

उरलेले मेण सिंकमध्ये ओतल्यास नळी तुंबते. ते कागदी पेल्यात थिजवून पुढच्या खेपेला वापरावे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर ठेवलेली कवचे उष्म्याने बसतात, म्हणून ती कागदात गुंडाळून घरातल्या सर्वांत थंड कपाटात, एकावर एक न रचता ठेवावीत.