घरात खार शिरली? आधी घरटं बघा, मग भोक बुजवा

डिसेंबर लागला की ग्वाल्हेरला, विशेषतः लश्कर भागातल्या जुन्या घरांमधून, खारींची ये-जा वाढते. रात्रीचा पारा ५ अंशांपर्यंत उतरतो आणि आपली पाच पट्ट्यांची खार काही हिवाळाभर झोपून राहत नाही. तिला ऊब लागते, रोजचं खाणं लागतं. माळ्यावरच्या जुन्या गाद्या आणि संक्रांतीसाठी आणलेले शेंगदाणे, दोन्ही तिला आयतंच मिळतं.

खुडबुड खारीचीच आहे ना, हे आधी ठरवा. खार दिवसा हिंडते आणि रात्री झोपते. दिवे मालवल्यावर आवाज येत असेल तर तो उंदीर, आणि त्याचा बंदोबस्त वेगळा.

खार खोलीतच सापडली तर सगळ्यांत आधी पंखा बंद करा. घाबरली की ती पडद्यावरून थेट वर चढते. मग आतली दारं लावून घ्या, एकच खिडकी सताड उघडा, बाकीचे पडदे ओढा, दिवा घालवा आणि खोलीबाहेर या. झाडू घेऊन मागे लागलात तर ती कपाटामागे जाऊन बसेल आणि तासभर हलणार नाही. शांतता झाली की ती उजेडाकडे जाते. नाहीच गेली तर खिडकीपर्यंत चार-चार शेंगदाणे टाकून ठेवा. उघड्या हातानं धरू नका. चावलीच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता घरटं शोधा. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी देवघरातला कापूस रोज कमी होत होता आणि आम्ही एकमेकांना विचारत होतो. एक दिवस खिडकीतल्या बंद कूलरची बाजू काढली, तर आत सुतळी, रजईचा कापूस आणि त्यात कुंकवाचे ठिपके असलेली गेजवस्त्रं अशी गोल गादी. मध्ये बोटाएवढी तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली. त्याआधी आदल्याच दिवशी मी कूलरमागची फट विटेनं बंद केली होती. पिल्लांची आई बाहेर गजावर बसून सारखी ओरडत होती, आणि मला वाटलं होतं ती मांजर बघून ओरडतेय. वीट काढल्यावर ती पाच मिनिटांत आत गेली. ती चूक मला अजून सलते.

म्हणून पिल्लं असतील तर घरटं हलवू नका, थांबा. साधारण दोन महिन्यांत ती स्वतः खायला लागतात. शिवाय माणसांची वर्दळ वाढली की बहुतेकदा आईच त्यांना तोंडात धरून एकेक करून दुसरीकडे नेते.

घरटं रिकामं आहे असं वाटलं तर भोकात वर्तमानपत्राचा सैलसर बोळा घाला. दोन दिवस तो जागचा हलला नाही, तर आत कोणी नाही असं धरायला हरकत नाही. बुजवायचं काम भर दुपारी करा, कारण तेव्हा खारी उन्हात बाहेर असतात. थर्माकोल, चिंध्या, फोम यांचा उपयोग नाही. खारीचे पुढचे दात सतत वाढतात, त्यामुळे तिला कुरतडावंच लागतं. अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी स्क्रूनं बसवा, भिंतीतली भोकं सिमेंटनं भरा. एसीच्या पाइपाचं भोक आणि एक्झॉस्ट फॅनची चौकट हमखास राहून जाते.

विषाच्या गोळ्या आणि चिकट पुठ्ठे अजिबात नकोत. विष खाल्लेली खार भिंतीच्या पोकळीत जाऊन मरते आणि वास आठवडाभर जात नाही. पुठ्ठ्यावर तर ती जिवंतपणी तडफडते.

छपराला टेकणाऱ्या फांद्या सहा-सात फूट मागे छाटा. शेंगदाणे, तीळ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

आणि मार्चमध्ये कूलर काढाल तेव्हा प्लग लावण्याआधी त्याची वायर टोकापासून टोकापर्यंत नीट बघा. कुठे आतलं तांबं दिसलं तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत कूलर लावू नका.