टाकीत डोकावल्याशिवाय विमान उडवू नका

धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर नाहीतर जळगावला फ्लाइंग शिकणाऱ्या पोरापोरींनो, फ्युएल गेजवर (इंधन दाखवणाऱ्या काट्यावर) भरवसा ठेवू नका भाऊ, झाकण उघडून डिपस्टिक (इंधन मोजायची खुणांची काठी) टाका अन् स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पावसाळ्यात टाकी रात्रभर अर्धी रिकामी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं अन् ते जड म्हणून तळाशी बसतं, म्हणून सकाळी ड्रेन करताना (टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक कपात काढताना) कप उजेडात धरा, एव्हीगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) निळं दिसतं, खाली बिनरंगी थेंब दिसला तर परत ड्रेन करा, अन् पूर्ण कपच बिनरंगी असेल तर उडूच नका, ते सगळं पाणी असू शकतं किंवा चुकीचं इंधन.

पायपर विमानात दोन्ही पंखांतल्या टाक्या एकदम चालत नाहीत, दर अर्ध्या तासाला टाकी बदला. हवेत असताना इंजिन बंद पडलंच तर आधी ग्लाइड स्पीड, म्हणजे इंजिनाशिवाय जास्तीत जास्त लांब तरंगत जायचा वेग, धरा (सेसना १७२ ला साधारण ६५ नॉट), मग मोकळं शेत हेरा, केळीचा बाग नको, उन्हाळ्यात कापूस काढलेलं रान बरं, अन् उंची असेल तरच दुसरी टाकी लावा, मिक्स्चर रिच (हवेत इंधनाचं प्रमाण जास्त), कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा), इंधनाचा पंप असेल तर तोही चालू.