हार्वर्ड-एमआयटीला अर्ज करायचाय? आधी आपली खरी शक्यता काढा

बारावीनंतर थेट अमेरिकेत शिकायला जायचं म्हटलं की घरात पहिली चर्चा हार्वर्डच्या टक्केवारीची. २०२३ साली तिथे ५६,९३७ अर्ज आले, १,९४२ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे ३.४१ टक्के. पण यात अमेरिकेतली मुलं, निवडलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं सगळे आले. भारतातून अर्ज करणाऱ्याने हा आकडा आपला धरू नये. एमआयटीत एकूण प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास असतं, परदेशी मुलांचं जेमतेम दोन टक्के.

पहिलं काम: पैशांचं बोलून घ्या

निबंध, परीक्षा सगळं नंतर. आई-बाबांना घेऊन बसा आणि वर्षाला किती खर्च झेपेल तो आकडा कागदावर लिहा. या विद्यापीठांचा राहण्या-जेवणासकट खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, ॲम्हर्स्ट आणि बोडन इथे प्रवेश ठरवताना परदेशी मुलाची ऐपत बघत नाहीत आणि निवड झाल्यावर गरजेइतकी पूर्ण मदत देतात. स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी मात्र तुम्ही मदत मागितली आहे का, हे निवडीत धरलं जातं. ‘आत्ता मागायला नको, आत गेल्यावर बघू’ असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. परदेशी विद्यार्थ्याने अर्जाबरोबर मदत मागितली नसेल, तर बऱ्याच ठिकाणी पुढे ती मिळतच नाही.

दुसरं: कॉमन डेटा सेट उघडा

बहुतेक विद्यापीठं या नावाचं पत्रक दरवर्षी काढतात. त्यातल्या सी-७ मध्ये निवडीत कशाला किती महत्त्व ते कळतं, एच-६ मध्ये परदेशी मुलांना किती मदत दिली ते. जाहिरातींपेक्षा ही दोन पानं जास्त कामाची आहेत.

तिसरं: नववीपासूनची कागदपत्रं

तिथे नववी ते बारावी अशी चार वर्षं धरतात. आपल्याकडे दहावीनंतर शाळा सुटते, म्हणून निम्मे गुण शाळेतून आणि निम्मे ज्युनियर कॉलेजातून आणावे लागतात. बारावीचा निकाल लागण्याआधीच प्रवेश ठरतो, त्यामुळे अकरावीचे गुण फार मोलाचे. ‘अकरावी म्हणजे आराम’ हे इथे चालत नाही. शिवाय बारावीचे अपेक्षित गुण कॉलेजने लिहून द्यावे लागतात. प्राचार्यांना जूनमध्येच भेटा.

चौथं: शिक्षकांची शिफारसपत्रं

आपली मुलं सगळ्यात जास्त मार खातात ती इथे. इंटिग्रेटेड क्लासला (कॉलेज आणि जेईईची शिकवणी एकत्र) असलेली मुलं कॉलेजात प्रॅक्टिकलपुरती जातात. मग पत्र कोण लिहिणार? एमआयटी एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचं मागते आणि दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांचं. म्हणजे इंग्रजीच्या बाईंना तुमचा चेहरा माहीत हवा. ‘नियमित, आज्ञाधारक, कष्टाळू’ असं लिहिलेलं पत्र कुणाच्याही नावावर खपतं. ‘व्होल्टमीटरचं रीडिंग पुस्तकाशी जुळेना, तर हिने ते न खोडता तारा बदलून पाच वेळा मोजलं’ हे एकच वाक्य त्याहून वजनदार. सरांना असे प्रसंग आठवून द्या; त्यात गैर काही नाही.

पाचवं: आपलं जे खरंच आहे ते लिहा

कॉमन ॲपमध्ये (बऱ्याच विद्यापीठांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) जास्तीत जास्त दहा उपक्रम लिहिता येतात, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. विकतची प्रमाणपत्रं आणि पैसे भरून छापलेले शोधनिबंध वाचणाऱ्याला ओळखू येतात. नाशिककडची मुलगी दोन वर्षं वडिलांच्या द्राक्षबागेत पाऊस, दव आणि डावणी (द्राक्षावरचा रोग) कधी आली याची वही ठेवत असेल, तर तो तिचा पहिला उपक्रम. ‘घरचंच काम आहे, ते काय लिहायचं?’ असं आपल्याला वाटतं आणि नेमकं तेच गळतं. ६५० शब्दांचा मुख्य निबंधही अशाच जागेतून सुचतो.

सहावं: परीक्षा आणि तारखा

एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन यांनी सॅट किंवा एसीटी ही अमेरिकी प्रवेशपरीक्षा पुन्हा सक्तीची केली आहे. सॅटला १६०० पैकी १५०० च्या वर गुण तिथे सर्रास दिसतात, त्यामुळे नुसत्या गुणांवर विसंबू नका. कॉमन ॲप १ ऑगस्टला उघडतं, लवकरच्या फेरीची मुदत साधारण १ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. त्याच महिन्यात जेईई मेन असते, म्हणून निबंध दिवाळीच्या सुट्टीत संपवा. अर्ज-शुल्क झेपत नसेल तर माफी मागता येते. संकोच करू नका.

यादीत दोनच मोठी नावं आणि बाकी मोकळी जागा असं नको. मदत देणारी छोटी कॉलेजं घाला आणि सीईटीचा अर्जही भरून ठेवा. बहुतेक निकाल मार्चअखेर लागतात, उत्तर १ मेपर्यंत द्यायचं असतं. होकार आला तरी बारावीची अंतिम गुणपत्रिका पाठवावी लागते आणि गुण फार घसरले तर प्रवेश काढूनही घेतात.