टीम्स सुरू करण्याआधी काय काय बघून घ्यावं

जळगावच्या एमआयडीसीत हेड ऑफिस, धुळ्याला डेपो, सावद्याला केळीचं पॅकहाऊस, शहाद्याला दोन टेबलांचं ऑफिस. अशी पसरलेली कंपनी मेल, फाइली आणि मीटिंगा मायक्रोसॉफ्टच्या एकाच सॉफ्टवेअरवर (मीटिंगांसाठी त्यातलं टीम्स) आणायचं ठरवते तेव्हा लायसन्स एका दिवसात येतात. त्यामागची तयारी महिनाभराची असते आणि नेमकी तीच राहून जाते. मग दोन महिन्यांत सगळे परत व्हॉट्सॲपवर जातात आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. म्हणून मी ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने इथे लिहितोय.

आधी वीज. यूपीएस आहे का एवढं विचारून थांबू नका; भर दुपारी मेन स्विच पाडा आणि घड्याळ लावून मिनिटं मोजा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो. यूपीएसच्या शिशाच्या बॅटरीचं आयुष्य 25 अंश तापमान धरून सांगितलेलं असतं, आणि त्यावर दर 10 अंशांना ते साधारण निम्मं होतं. पत्र्याच्या शेडमधल्या बंद कपाटात पाच वर्षांची बॅटरी दोन वर्षंही निघत नाही. एका दाल मिलमध्ये मी यूपीएसचं झाकण काढलं, तर चारही बॅटऱ्या कडेने फुगलेल्या, हात ठेववेना इतक्या गरम. समोरच्या पॅनेलवर मात्र हिरवा दिवा. वीज गेली की जनरेटर चालू व्हायला काही सेकंद लागायचे, तेवढ्यात राउटर बंद पडायचा आणि परत उभा राहायला चार मिनिटं घ्यायचा. तिथले लोक वर्षभर म्हणत होते, ‘टीम्स सारखं बंद पडतं.’ खूप वाईट वाटलं मला, कारण त्या वर्षभरात कुणीही ते झाकण काढलं नव्हतं.

वीज कुठपर्यंत पोचते तेही बघा. सर्व्हरला यूपीएस असतो, पण फायबरचा मोडेम वॉचमनच्या केबिनमध्ये, कूलरच्याच बोर्डवर लावलेला सापडतो. मोडेम, राउटर, प्रत्येक मजल्यावरचा नेटवर्क स्विच, सगळे यूपीएसवर घ्या. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालायचं काम एका माणसाकडे नावानिशी द्या.

मग इंटरनेटची लाइन. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. दोन्हींची वायर गेटपासून पायी चालत बघा. पुष्कळदा दोन्ही एकाच पोलावरून येतात, नाहीतर रस्त्याकडेच्या एकाच चारीतून. महामार्गाच्या कामावरच्या जेसीबीचा एक फटका बसला की दोन्ही एकदम जातात. शक्य असेल तिथे एक लाइन फायबरची आणि दुसरी बिनतारी ठेवा, आणि महिन्यातून एकदा पहिलीची वायर स्वतः उपसून दुसरी खरंच काम उचलते का ते बघा.

लाइनचा वेग विचारू नका, दर्जा विचारा. स्पीड टेस्टचा मोठा आकडा डाउनलोडचा असतो. मीटिंगला अपलोडही तितकाच लागतो. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला 100 मिलिसेकंदांच्या आत, पॅकेट लॉस (वाटेत हरवणारा डेटा) एक टक्क्याच्या आत, जिटर (डेटा पोचण्याच्या वेळेतला चढउतार) 30 मिलिसेकंदांच्या आत, हे तीन आकडे दिवसभर मोजा, सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला वेगवेगळे. शहाद्याचं सगळं इंटरनेट व्हीपीएनने (दोन ऑफिसांमधल्या खासगी जोडणीने) जळगावला येऊन मग बाहेर जात असेल तर आवाज तुटणारच. मीटिंगची वाहतूक व्हीपीएनमधून वगळा, तिथूनच थेट बाहेर सोडा. फायरवॉलमध्ये (नेटवर्कच्या पहारेकऱ्यात) आवाज-व्हिडिओ ज्यातून जातो ते यूडीपीचे 3478 ते 3481 हे पोर्ट, म्हणजे दारं, उघडे हवेत. ते बंद असले तरी कॉल लागतो, म्हणून कुणाला शंका येत नाही; फक्त आवाज अडखळतो.

वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर) फाइली चढवायचा दिवस हिशेब करून ठरवा. चाळीस मशीनच्या प्रत्येकी 5 जीबी म्हणजे 200 जीबी. 20 एमबीपीएसच्या अपलोडवर याला बावीस तासांहून जास्त लागतात आणि तोवर कुणाची मीटिंग धड होत नाही. शनिवारी रात्री सुरू करा, एका वेळी दहाच मशीन.

वायफाय थोडक्यात: 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6 आणि 11 एवढेच चॅनल एकमेकांत मिसळत नाहीत, तेव्हा मीटिंगची खोली 5 गिगाहर्ट्झवर घ्या, आणि जमेल तिथे सरळ वायर टाका. एका साध्या नेटवर्कमध्ये 254 आयपी पत्ते (प्रत्येक मशीनला लागणारा नेटवर्कवरचा नंबर) मावतात. ट्रक ड्रायव्हर, व्यापारी, केळी घेऊन आलेले शेतकरी यांचे फोन ते अडवून बसतात आणि पत्ता राखून ठेवायची मुदत (लीज) आठ दिवसांची असली की सोमवारी अकाउंट्सच्या मशीनला पत्ताच मिळत नाही. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं करा.

घड्याळं तपासा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असली की वीज जाऊन आल्यावर मशीन कितीतरी वर्षं मागची तारीख दाखवतं. मग सुरक्षित साइट उघडत नाही, लॉगिन होत नाही, आणि माणूस बिचारा पासवर्ड बदलत बसतो. सगळी मशीन वेळ सांगणाऱ्या एकाच सर्व्हरला जोडा. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचे मोफत अपडेट मिळायची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, तीही मशीन याच फेरीत वेगळी काढा.

आता फाइली. यात सर्वात जास्त वेळ द्या. आपल्या ऑफिसांत वीस-वीस वर्षांचे करारनामे आणि पत्रं जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात टाइप केलेली आहेत (युनिकोड म्हणजे सगळ्या मशीनवर सारखीच दिसणारी अक्षरांची पद्धत). त्या मशीनवर ती मराठी दिसतात. दुसरीकडे उघडली की इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. सर्चमध्ये ‘करारनामा’ टाकलं तर एकही सापडत नाही. चालू कामाच्या फाइली युनिकोडमध्ये आणा, बाकीच्यांच्या पीडीएफ करून ठेवा. रूपांतर झाल्यावर रफार, जोडाक्षरं आणि आकडे जुन्या माणसाने कागद समोर ठेवून वाचायलाच हवेत. हिशेबनीस आप्पांच्या एक्सेलमधले झेड ड्राइव्हकडे (ऑफिसच्या जुन्या सामायिक फोल्डरकडे) जाणारे दुवेही आधी शोधा. फाइल हलली की ते तुटतात, आणि महिनाअखेरीला कळतं.

प्रत्येकाचं खातं वेगळं हवं. तीन पाळ्यांत एकच लॉगिन चालत असेल आणि ओटीपी सुपरवायझरच्या फोनवर येत असेल तर रात्रपाळी बाहेरच राहते. सोडून गेलेल्यांची खाती त्याच दिवशी बंद करा.

शेवटी चाचणी शहाद्याहून घ्या, हेड ऑफिसातून नको. दुपारी तीनला तिथून जळगाव आणि सावद्याला व्हिडिओ कॉल लावा. कॉल चालू असतानाच शहाद्याची मेन पाडा, मग पहिल्या लाइनची वायर काढा, आणि आप्पांना सांगा, मागच्या वर्षीचा एक मराठी करार शोधून स्क्रीनवर उघडा. करार उघडला आणि कॉल तुटला नाही, तर सोमवारपासून सगळ्यांना लॉगिन द्या.